एक काना जास्त

वर्गणी मागायला दोन गोष्टी लागतात, जाड कातडी आणि गोड जीभ. कातडी माझ्याकडे आहे. कोल्हापुरात एका दैनिकात चाळीस वर्षं मी मुद्रितशोधक होते. म्हणजे रोज संध्याकाळी बसून दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायच्या आणि पाठीमागं कोणी शिव्या घातल्या तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं. जिभेचं मात्र विचारू नका. तरीही गेल्या जानेवारीत, अडुसष्टाव्या वर्षी, मी आठ दिवस नाशिकला वर्गणी मागत फिरून आले. आणि खोटं कशाला बोलू, मजेत फिरून आले.

सुरुवात एका 'न'पासून झाली. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काही मुलं राहायला आली आणि त्यांनी दारावर पाटी लावली, 'बेघर तरुनांसाठी निवारा'. तीन दिवस मी तो 'न' सहन केला. चौथ्या दिवशी लाल पेन घेऊन वर गेले. दार एका उंच मुलीनं उघडलं, पाटी बघितली, हसली आणि म्हणाली, "मावशी, चहा टाकलाय. 'ण' चहा पिऊन करा." ही रेवा. 'ण' करून खाली यायला मला दोन तास लागले. तोवर कळलं होतं की ही सगळी घरातून काढलेली पोरं आहेत. कोणी मुलगा मुलावर प्रेम करतो म्हणून, कोणी मुलगी लग्नाला उभी राहिली नाही म्हणून. आणि रेवासारखी, जिला जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलं आणि ती मुलगी निघाली म्हणून. मी एकटा जीव. लग्न केलं नाही, घरात बोलायला भिंती. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले, आणि मग जातच राहिले.

नाशिकचं कारण असं की वरच्या मजल्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि नाशिक भागातली चार पोरं आज या मित्राकडे, उद्या त्या मित्राकडे अशी दिवस काढत होती. त्यांच्यासाठी तिकडेच एक घर बघायचं आणि रेवानं ते चालवायचं असं ठरलं. ती त्याच जिल्ह्यातली. घर सापडलंही होतं. डिपॉझिट आणि भांडीकुंडी गोळा करायला आम्ही दोघी निघालो, रेवा बोलायला आणि मी पावत्या शुद्ध लिहायला.

नाशिक

कोल्हापूरच्या माणसाला नाशिकची थंडी झेपत नाही. आमच्याकडे स्वेटर कपाटात ठेवायला असतो, इथं तो अंगावरून उतरत नाही. सकाळी सात वाजता पंचवटीत उतरलो तेव्हा माझे दात वाजत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "गंगेवर जायचं का?" मी म्हटलं, "गोदावरीवर." तो म्हणाला, "तेच. गंगेवर." मी त्याला दक्षिणगंगा आणि गंगा यातला फरक सांगायला लागले तर रेवानं माझ्या कोपराला चिमटा काढला. पुढं आठ दिवसांत गोदावरी म्हणणारं एकही माणूस मला भेटलं नाही. गावच्या गाव चुकतं तेव्हा ती चूक राहत नाही, हे मला मान्य करावं लागलं. नाशिकनं मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुसरी शिकायला आठवडा लागला.

मिसळीचंही सांगून टाकते, नाहीतर कोल्हापूरचे लोक मला गावात घेणार नाहीत. नाशिकला मिसळीबरोबर पापड देतात, दही देतात, एके ठिकाणी तर जिलबी दिली. मला वाटलं लग्नाच्या पंगतीला बसलेय. रस्सा काळसर, मसाला जास्त, तिखट बेताचं. आमच्या कटाची सर नाही. पण पापड चुरून घातला की प्रकरण बरं लागतं, आणि मी दोन पाव जास्त खाल्ले, हे रेवा साक्षीला आहे म्हणून कबूल करते.

घर गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत होतं. खाली तीन खोल्या, वर दोन, मागं पेरूचं झाड. मालकीण देवरेकाकू. वय माझ्याएवढंच, आवाज माझ्यापेक्षा मोठा. आम्ही गेलो तेव्हा त्या फोनवर कोणावर तरी तोंड सोडत होत्या आणि मला त्यातला एक शब्द कळेना. रेवा पुटपुटली, "अहिराणी. आमच्याकडची भाषा." फोन ठेवल्यावर काकू शुद्ध मराठीत म्हणाल्या, "माहेर माझं मालेगावकडचं. राग आला की जीभ माहेरी जाते. बसा."

रेवानं सगळं सरळ सांगितलं. काहीही झाकलं नाही. काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "पोरं कशी का असेनात. भाडं वेळेवर पाहिजे आणि नळ वाहता ठेवायचा नाही. क्लासवाला एक मागं लागलाय, त्याला मी रविवारी सांगते म्हटलंय. रविवारपर्यंत डिपॉझिट आणा, घर तुमचं. आणि एक गोष्ट. जिच्या नावावर करार होणार, तिच्या घरचं एक माणूस मला दाखवा."

रेवाचा चेहरा उतरला. मी पुढं होऊन म्हटलं, "मी आहे की."

"तुम्ही कोल्हापूरच्या. उद्या ही पोरगी तापानं फणफणली तर तुम्ही येईपर्यंत ताप उतरेल. मला जवळचं माणूस पाहिजे, ज्याला फोन केला तर तो 'माझं लेकरू आहे' म्हणून धावत येईल. पैशापेक्षा मला ते महत्त्वाचं आहे." वाईट बोलत नव्हत्या बाई, म्हणून तर भांडता येईना. वाईट बोलणाऱ्याला मी सोडत नाही.

बाहेर आल्यावर रेवा म्हणाली, "डिपॉझिट होईल मावशी. दुसरं नाही होणार." आई-वडील कुठं असतात ते मी विचारलं. सटाण्याच्या पुढं आठ किलोमीटरवर, म्हणाली. तीन वर्षांत फोन नाही. वडिलांना ती आबा म्हणते. लहानपणी आबा तिला कांद्याच्या बाजारात खांद्यावर बसवून न्यायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "हाऊ मना आंडोर शे." मी वही काढली. आंडोर म्हणजे? "मुलगा," रेवा म्हणाली. "शे म्हणजे आहे. हा माझा मुलगा आहे." मी लिहून घेतलं. नवा शब्द मिळाला की वहीत घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग ती चालता चालता म्हणाली, "घर सोडलं त्या दिवशी म्हणाले, मना आंडोर मरी गया. दारातच बसून म्हणाले. सगळी गल्ली ऐकत होती."

हे मी वहीत लिहिलं नाही.

रविवार कारंजा

दुसऱ्या दिवसापासून दुकानं घेतली. माझ्या आग्रहानं पत्रकात 'समलिंगी व पारलिंगी बेघर युवा' असं लिहिलं होतं. शुद्ध, नेमकं, एकही चूक नाही, आणि कोणालाही कळेना. एका दुकानदारानं 'युवा' वाचून आम्हाला एका पक्षाचे कार्यकर्ते समजून चहा पाजला. दुसऱ्याला रेवानं इंग्रजी अक्षरं सांगून बघितली, एलजीबीटी. तो म्हणाला, "गॅसचं ना? आमचं केवायसी झालंय." शेवटी रेवानं पत्रक पिशवीत टाकलं आणि साधं सांगायला लागली, "घरातून काढलेली पोरं आहेत. त्यांना घर करायचंय." मग लोक विचारायचे, का काढली? ती सांगायची. काही जण पावती न घेताच पाकीट उघडायचे, काही पाकीट मिटायचे. एकानं आम्हाला पायरीवरून खाली उतरायला सांगितलं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर तीन चुका होत्या. त्या मी त्याला मुद्दाम सांगितल्या नाहीत. भोग म्हणावं.

एक कापडवाले मात्र फार भले गृहस्थ. ऐकून घेतलं, सरबत मागवलं आणि म्हणाले, "ताई, एक सुचवू का? पावतीवर अनाथ मुलं म्हणून लिहा. आमच्या सगळ्या व्यापारी मंडळींकडून मी उद्याच्या उद्या डिपॉझिट उभं करून देतो. अनाथ म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही."

खरं सांगते, मी विरघळले. एक शब्द बदलायचा आणि डिपॉझिट हातात. आयुष्यभर मी शब्दच तर बदलत आले. मी पेनचं टोपण काढलंसुद्धा.

"नको," रेवा म्हणाली. "माझे आई-बाप जिवंत आहेत. त्यांनी मला मारलं, मी त्यांना नाही मारणार."

कापडवाल्यांनी हातातला सरबताचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या नावानं जमेल ते दिलं आणि दहा चादरी बांधून दिल्या. पावतीवर मी जे होतं तेच लिहिलं. लाजही वाटली मला, का नाही वाटणार. बावीस वर्षांच्या पोरीनं माझी चूक काढली होती, आणि ती शुद्धलेखनाची नव्हती.

एकलहरे

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, म्हणजे हळदीकुंकवांचा हंगाम. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत सुनंदाताई नावाच्या बाई राहतात. त्यांचा भाचा आमच्याकडे कोल्हापुरात होता. त्यांनी निरोप धाडला, आमच्या हळदीकुंकवाला या, बायका जमतील, तिथंच सांगा.

वसाहत म्हणजे रांगेत घरं, मोठी झाडं आणि कुठूनही बघितलं तरी डोक्यावर केंद्राची ती धुराडी. वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकायची इथल्या बायकांच्या हाताला सवय आहे. बोलता बोलता एक हात दोरीवरचा टॉवेल झटकत असतो. आत गेलो तर चाळीसेक बायका, तिळगुळाचा वास, आणि ओळीनं हळदीकुंकू लावत येणाऱ्या सुनंदाताई. मी नेहमीप्रमाणं दाराजवळ, चपलांशेजारी बसले. बिनलग्नाच्या बाईची हळदीकुंकवातली जागा मला कोणी शिकवायला नको. रेवा माझ्याशेजारी.

सुनंदाताई आमच्यापर्यंत आल्या. थांबल्या. रेवानं मान खाली घातली. बाईंनी करंडा सरळ धरला, तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि म्हणाल्या, "खाली बघितलं तर नाकाला लागेल." लावलं. मग माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "अहो, माझं लग्न झालेलं नाही." "मग काय झालं, कपाळ आहे ना?" म्हणाल्या आणि मलाही लावलं. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं, ते मी तिळाचा ठसका लागला म्हणून खपवलं.

रेवा बोलली ती पाचच मिनिटं. बायका ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "जेवायला कोण करतं तुम्हाला?" एकीनं विचारलं, "आईला आठवण येत नसेल का गं?" रेवा म्हणाली, "मला तिच्या बिबड्यांची येते." खानदेशात ज्वारीच्या पिठाचे जाड पापड घालतात, ते बिबडे. ते घालताना शिजलेलं गरम पीठ तेल ओतून खायचं आणि आईनं हातावर मारायचं, असा त्यांच्या घरचा रिवाज. बायका हसल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले.

मग सुनंदाताईंना सुचलं. दर संक्रांतीला बाई जे वाण देते, ती एकच वस्तू सगळ्यांना, ठोक भावात आणलेली. त्या म्हणाल्या, "यंदा माझं वाण मी ह्या घराला देते. तुम्हाला सगळ्यांना तिळगूळ पुरे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांनी आतून खोकं आणलं. चहाच्या गाळण्या. पन्नास. ते बघून शेजारणीला जोर चढला, तिनंही आपलं सगळं वाण देऊन टाकलं. साबणदाण्या. तिसरीनं स्टीलच्या वाट्या दिल्या म्हणून बरं, नाहीतर आमची पोरं गाळणीत आमटी प्यायली असती. रोख मदतही झाली, पण त्या गाळण्यांचा आनंद काही वेगळाच होता. रिक्षात रेवा मांडीवर खोकं घेऊन इतकी हसत होती की कुंकू नाकावर उतरलं.

सटाणा

तरी डिपॉझिटला कमी पडत होतं. शुक्रवारी रेवा स्वतःच म्हणाली, "सटाण्याला जाऊ." मी म्हटलं, "तिथं कोण देणार?" "कांद्याच्या बाजारात नानाशेठ म्हणून व्यापारी आहेत. मोठ्या मनाचे आहेत. आणि जिल्हा आमचा, मग मागायला लाजायचं कशाला." शेवटचं वाक्य तिनं स्वतःलाच सांगितलं.

एस. टी. सोग्रस फाट्यावरून आत वळली, भावडबारी चढून उतरली आणि मुलूख बदलला. उघडे डोंगर, काळी माती आणि शेताशेतातून लाल कांदा. बसमधली मराठी हळूहळू पातळ होत गेली. देवळ्याला चढलेल्या दोन बायकांचं बोलणं मला निम्मं कळलं, सटाणा यायच्या आत ते निम्मंही गेलं. रेवा मात्र सीटवर सैल होत चालली होती. कंडक्टरशी ती अहिराणीत बोलली तेव्हा तिचा आवाजच वेगळा आला, जाडा आणि मोकळा.

आधी जेवलो. शेवभाजी आणि भाकरी. आमच्याकडे शेव वरून भुरभुरतात, इथं शेवेचीच भाजी करतात आणि तर्रीवर तेल असं तरंगतं की ताटात तोंड बघावं. मी कोल्हापूरची असूनही पाणी मागितलं. हे कोल्हापुरात कोणाला सांगू नका.

बाजारात ट्रॅक्टरच्या ओळी लागल्या होत्या. प्रत्येक ट्रॉलीवर आपल्या कांद्यात पाय रोवून शेतकरी उभा, खाली व्यापाऱ्यांचा घोळका बोली बोलत पुढं सरकतोय. रेवानं तोंडाला ओढणी गुंडाळली होती. उन्हाधुळीत सगळ्याच पोरी गुंडाळतात, कोणी वळून बघितलं नाही. नानाशेठ गादीवर बसले होते. रेवा दोन वाक्यं बोलली आणि ते म्हणाले, "ओढणी काढ. आवाज वळखीचा हाय." तिनं काढली. डोळे बारीक करून ते म्हणाले, "दगाजीच्या घरचं ना तू?" दगाजी म्हणजे रेवाचे आबा. रेवानं मान हलवली.

"तो आलाय आज. तिकडं सातव्या-आठव्या ओळीत आसंल."

रेवा उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली बसस्टँडला. पण शेठनी लिलावाचा माइक तिच्याकडे सरकवला. "मी बोललो तर शेठचं भाषण होईल. तुझं तू सांग. आपल्या बोलीत सांग."

ती काय बोलली ते मला कळलं नाही. मधूनमधून 'घर' कळलं, 'पोरं' कळलं, 'शे' कळलं. कोणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले, एक ट्रॅक्टरवाला मुद्दाम हॉर्न वाजवत राहिला. ती थांबली नाही. शेवटचं एक वाक्य ती हळू बोलली आणि माइक खाली ठेवला. नऊवारी नेसलेली एक म्हातारी आपल्या ट्रॉलीवरून उतरली, पाटीभर कांदा डोक्यावर घेऊन आली आणि शेठच्या गादीसमोर ओतून गेली. मग दुसरी पाटी आली. मग हॉर्नवाल्याच्या भावानं आणली. सगळ्यांनी नाही दिलं, निम्म्यांनीसुद्धा नाही. पण दुपारी तीनपर्यंत ढीग माझ्या कमरेएवढा झाला आणि शेठनी तो जागेवरच विकत घेतला, बोली न लावता, स्वतः ठरवलेल्या दरानं. डिपॉझिट पुरं झालं. आमचं घोडं गंगेत न्हालं. म्हणजे गोदावरीत.

रेवाची नजर ओळींमधून फिरत होती. सातवी ओळ रिकामी झाली होती. ती म्हणाली, "गेले असतील," आणि तोंड धुवायला नळावर गेली. तेवढ्यात एक हमाल माझ्यापुढं अर्धी भरलेली गोणी टेकवून गेला. "घरनं आणून दिलीय, ही येगळी ठेवायला सांगितली. ढिगात नका टाकू." कोणी सांगितलं म्हणून विचारेपर्यंत तो गेलाही.

परतीच्या बसमध्ये रेवा माझ्या खांद्यावर झोपली. गोणी माझ्या पायाशी. सुतळीत एक चिठ्ठी अडकवलेली होती, बॉलपेननं ठोकळा अक्षरात दोनच शब्द लिहिलेले.

'आंडेर साठे'.

जित्याची खोड. दोन शब्दांत दोन चुका, मला कसं राहवेल? आंडोर माझ्या वहीत होता. आंडोर म्हणजे मुलगा. बिचाऱ्या कुणा शेतकऱ्यानं 'मुलांसाठी' लिहायला घेतलं आणि 'डो'चा काना खाल्ला, 'साठी'ची वेलांटी चुकवली. मी लाल पेन काढलं. बस हलत होती तरी काना सरळ आला. वेलांटी दिली, दोन्ही शब्द जोडले. 'आंडोरसाठी'. चिठ्ठी पुन्हा सुतळीत खोचली आणि समाधानानं डोळे मिटले.

पुन्हा नाशिक

रविवारी सकाळी देवरेकाकूंच्या ओट्यावर आम्ही सगळा संसार मांडला. चादरी, वाट्या, साबणदाण्या, गाळण्यांचं खोकं आणि ती गोणी. चारही पोरं आली होती. पेरूच्या झाडाखाली उभी राहून घराकडे बघत होती, आत जायला कोणी सांगेल म्हणून. काकूंनी डिपॉझिट घेतलं, कराराचा कागद पुढं ठेवला आणि विचारलं, "आणि घरचं माणूस?"

रेवा म्हणाली, "नाही मिळालं, काकू."

काकूंनी पेनाला टोपण घातलं. क्लासवाल्याचा फोन त्यांच्या हातात दोनदा वाजून थांबला. हात रिकामे राहू नयेत म्हणून असेल, त्यांनी गोणीचं तोंड सोडलं. वरती कांदे. कांद्याखाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं. त्यांनी गाठ सोडली.

बिबडे होते.

रेवा खाली बसली. एक बिबडा उचलून तिनं नाकाशी धरला. "मायचे आहेत," म्हणाली. "ओवा जास्त घालते ती."

काकूंनी तोवर चिठ्ठी उचलली होती. चष्मा लावला, वाचली, कपाळाला आठ्या घातल्या. "आंडेरसाठे. चांगलं आमच्या अहिराणीत लिहिलं होतं की. ही लाल शाई कोणी फासली?"

"मी," मी म्हटलं. "चूक होती. आंडोर पाहिजे ना?"

"अहो बाई, आंडोर म्हणजे मुलगा. आंडेर म्हणजे मुलगी."

चिठ्ठी रेवाच्या हातात गेली. तिनं ती उलटली. मी ती उलटली नव्हती. मी फक्त चुका बघितल्या होत्या. मागच्या बाजूला बाजारातल्या वजनकाट्याची पावती होती, त्यावर शेतकऱ्याचं छापील नाव. दगाजी. पुढं गाव आणि फोन नंबर.

"माइकवर मी शेवटी हेच म्हटलं होतं," रेवा म्हणाली. "मी तुमनी आंडेर शे." आणि मग ती रडली, अगदी मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. चौघांतलं सगळ्यात लहान पोर घाबरून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागलं.

मी ओट्यावर बसून राहिले. ज्या माणसानं भर गल्लीत माझा मुलगा मेला म्हणून सांगितलं, त्यानं तीन वर्षांनी, भर बाजारात, एक काना गाळून मुलगी लिहिली होती. शाळा त्याची किती झाली असेल कोण जाणे. आणि मी, चाळीस वर्षांची मुद्रितशोधक, तो काना परत घालून आले होते. मुलीला परत मुलगा करून.

काकूंनी नाक पुसलं आणि पावतीवरचा नंबर कराराच्या कागदावर उतरवून घेतला. 'घरची व्यक्ती' असं लिहून पुढं कंस केला आणि त्यात लिहिलं, वडील. "बिबडे पाठवणारा बाप आहे," म्हणाल्या, "तो धावत येईल. सही कर पोरी." मग झाडाखाली बघून ओरडल्या, "आत जा की रे, उन्हात काय उभे राहिलात?" पोरं आत गेली. क्लासवाल्याला त्यांनी फोन केला तो अहिराणीतच.

सही करून रेवा माझ्याजवळ आली. चिठ्ठी माझ्या मांडीवर ठेवली. "मावशी, तुमची चूक दुरुस्त करा."

छापखान्यात याला एक खूण आहे. केलेली दुरुस्ती चुकीची निघाली आणि मूळचाच शब्द ठेवायचा असला, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि शेजारी समासात तसं लिहायचं. चाळीस वर्षांत ही खूण मी फार थोड्या वेळा वापरली. माझं चुकतच नाही असा माझा समज होता. मी लाल पेन काढलं. माझा काना खोडला, वेलांटी खोडली. त्या ठोकळ्या अक्षरांखाली एकेक टिंब देत गेले. आणि समासात, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, लिहिलं, 'मूळ बरोबर आहे. आहे तसं राहू द्या.'